अस्नोड्याला न वळलेली गाडी

उत्तर गोव्यात चारचाकी गाड्यांचे असे एकही शोरूम नाही जिथे माझ्या मामाला ओळखत नाहीत, आणि असेही एक नाही जिथे त्याने आजवर गाडी विकत घेतली आहे. हे विधान मी तपासून करतो आहे. मी वर्तमानपत्रात काम करतो. एका बाजूवर विसंबून लिहिण्याची मला सवय नाही. म्हापसा, पर्वरी आणि डिचोली इथल्या चार शोरूमांत मी स्वतः चौकशी केली. चारही ठिकाणी मामाचे वर्णन अर्धे सांगून होण्याआधीच समोरच्या माणसाने ते पूर्ण केले. एका ठिकाणी पहारेकरी त्याला सलाम ठोकतो, दुसऱ्या ठिकाणी चहा आणणारी बाई न विचारता बिनसाखरेचा चहा समोर ठेवते. तिसऱ्या शोरूमात नवा विक्रेता कामावर रुजू झाला की पहिल्या आठवड्यात त्याला मुद्दाम मामाच्या पुढ्यात बसवतात. जो तिथे तासभर टिकतो त्याला पुढे कुठल्याही गिऱ्हाइकाची भीती वाटत नाही, असे तिथल्या व्यवस्थापकाने मला गंभीरपणे सांगितले. एक विक्रेता मामानंतर विमा क्षेत्रात गेला. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही हे मला सिद्ध करता आले नाही.

मामाला हवी असते ती गाडी एका ठरावीक जातीची. लहान हॅचबॅक त्याला चालत नाही आणि मोठी जीप तर नाहीच. या दोहोंच्या मधली, उंचीला जरा जास्त पण लांबीला बेताची अशी जी गाडी अलीकडे प्रत्येक कंपनी काढते आणि जिला कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर म्हणते, तिला मामा नुसते ‘मधली’ म्हणतो. नवी मधली बाजारात आली की तो मयेहून स्कूटरवर निघतो. खिशात तीन वस्तू असतात: वाचायचा चष्मा, मामीचा शिवणाचा टेप आणि सुतळीची गुंडाळी. शोरूमात शिरल्यावर तो गाडीच्या रंगाकडे पाहत नाही, चकाकणाऱ्या चाकांकडे पाहत नाही. सरळ जाऊन डाव्या बाजूचे पुढचे दार उघडतो, गुडघे टेकतो आणि जमिनीपासून सीटपर्यंतचे अंतर टेपने मोजतो. विक्रेता तोवर आपले पाठ केलेले म्हणत असतो.

“काका, यात सहा एअरबॅग आहेत.”

“त्यो फुगतल्यो कधी?”

“अपघात झाला की लगेच.”

“म्हणजे आमी आता तेची वाट बघूची?”

एकाने त्याला छताचे काचेचे झाकण उघडून दाखवले. या झाकणासाठी लोक दोन-दोन महिने थांबतात, असे तो म्हणाला. मामाने वर पाहिले. “तीस वर्सां खाणीर काढलंय,” तो म्हणाला. “वयल्यान माती कशी पडता ती माका म्हायत आसा. आता पदरचां भोक पाडून घेवंक सांगतस?” मधोमध बसवलेल्या पडद्याला तो टीव्ही म्हणतो आणि तो बंद कसा करायचा एवढेच विचारतो. मागचा कॅमेरा दाखवला तर म्हणतो, “मागचां माका सगळां म्हायत आसा. फुडचां दाखय.” प्रत्येक भेटीतून तो एक माहितीपत्रक आणतो, आणि दुपारी जेवणानंतर पडवीत बसून मामीला ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक टिपेपर्यंत वाचून दाखवतो. परिणाम असा की सत्तरीला टेकलेल्या माझ्या मामीला, जिने आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही, गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा किती असावी याबद्दल ठाम मत आहे. शेजारच्या घरची मांजर पिल्ले पोटात घेऊन कुंपण ओलांडताना अडली तेव्हा मामी म्हणाली, “बिचारेचो ग्राउंड क्लिअरन्स कमी जालो.”

टेप कशासाठी हे सांगायला हवे. मामीच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, आणि कुणाचा हात न धरता ती उठू शकते अशी जगात एकच जागा आहे. ती म्हणजे मयेच्या घराच्या पडवीतला सोपा, भिंतीला लागून बांधलेली सिमेंटची बैठक. त्या सोप्याची उंची तेवीस इंच. बसमध्ये तिला चढवत नाही. जीपगाडीची सीट अठ्ठावीस इंचांवर, तिथे पोचायला शिडी लागेल. माझ्या जुन्या गाडीची सीट अठरा इंचांवर. त्या गाडीतून मामीला मी एकदा साखळी गावातल्या डॉक्टरांकडे नेले होते. बसली सहज. उतरवायला मात्र मी, मामा आणि औषधांच्या दुकानातला माणूस असे तिघे लागलो, आणि मामी संकोचाने आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तेव्हापासून मामा माझ्या गाडीला ‘बांय’ म्हणतो. बांय म्हणजे विहीर.

सुतळीचे कारण वेगळे. मामीचे माहेर पेडणे तालुक्यातले हळर्ण. तिथे आता तिची थोरली बहीण एकटी राहते. ती हळर्णच्याच प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काच्या घरापुढे बेताचे आंगण आहे, मधोमध तुळस, एका अंगाला फणस. आत आलेली गाडी तुळशीला वळसा घालून एका दमात बाहेर पडली पाहिजे, अशी मामाची अट आहे. पुढे-मागे करत, आरसे मोडत, चार माणसांनी हात दाखवत बाहेर पडणारी गाडी बायकोच्या माहेरी न्यायची नाही. त्याने एकदा बसने हळर्णला जाऊन तुळस ते फणस हे अंतर सुतळीने मोजले आणि तिथे गाठ मारली. कंपनीने छापलेल्या वळणाच्या आकड्यावर त्याचा विश्वास नाही. शोरूमच्या आवारात तो सुतळीचे एक टोक विक्रेत्याच्या हातात देतो आणि म्हणतो, “तू तुळस.”

या सगळ्यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती मामाने मला एकदाच सांगितली. लग्न झाले तेव्हा तो खाणीवर टिपर चालवत होता. काट्यावर बसून गाड्यांचे वजन घेण्याचे काम त्याला पुढे मिळाले. लग्नानंतर पहिल्यांदा मामीला माहेरी न्यायचे होते त्या दिवशी बस आली नाही. दोन तास वाट पाहून शेवटी मामाने रिकामा टिपर काढला आणि नवी नवरी त्यात बसवून हळर्णला नेली. आंगणात उतरली तेव्हा तिची कोरी साडी खनिजाच्या धुळीने तांबडी झाली होती. तिचे वडील काही बोलले नाहीत. त्यांनी मुलीला पाय धुवायला पाणी दिले आणि मामाला बसायला पाट दिला. “ते कायतरी बोलले आसते तर बरां जालां आसतां,” मामा मला म्हणाला. त्याच दिवशी परतताना त्याने मामीला सांगितले होते की एक दिवस तुला याच आंगणात माझ्या गाडीने आणीन. मग मुले झाली, त्यांची शिक्षणे झाली, खाण बंद पडली, मुले परगावी गेली, आणि गाडी घेण्याइतकी सवड आणि ऐपत एकदम आली तोवर मामीचे गुडघे गेले होते. चार वर्षे ती माहेरी गेली नव्हती. दोघी बहिणी रोज सकाळी अकरा वाजता फोनवर बोलत. टॅक्सी करून जा, असे मी सुचवले होते. मामाने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी बायकोला माहेरी पार्सलने पाठवायला सांगितले.

यंदा पाऊस ओसरता ओसरता एक नवी मधली आली. म्हापशाच्या शोरूमात मामाने सीट मोजली: सव्वातेवीस. पाव इंच त्याने स्वतःहून सोडला. “बसल्यार दबतली,” तो म्हणाला. सुतळी धरून गाडी आवारात फिरवली. गाठीच्या आत हातभर जागा उरली. मग मामा गप्प झाला. त्याला गप्प झालेला त्या शोरूमात कोणी पाहिले नव्हते. विक्री सांभाळणाऱ्या बाईंनी, त्या चाळिशीच्या, दोडामार्गच्या, त्याला पाणी आणून दिले. पाणी पिऊन तो म्हणाला, “बायलेक दाखवूंक व्हयी.” तेव्हा बाईंनी घरपोच टेस्ट ड्राइव्हची व्यवस्था केली. मये ते अस्नोडा आणि परत, एवढीच फेरी.

बुधवारी सकाळी साडेदहाला गाडी मयेला आली. मामाच्या सांगण्यावरून मीही गेलो होतो. पांढरी गाडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, टेस्ट ड्राइव्ह अशी इंग्रजी अक्षरे वीतभर उंचीची. मामी बाहेर आली ती लग्नकार्याची मोरपंखी साडी नेसून, अंबाड्यावर अबोलीचा वळेसर माळून. हातात कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी गुंडाळलेले. अस्नोड्यापर्यंत जाऊन यायला इतकी तयारी कशाला, याची मी नोंद घेतली. अर्थ लावला नाही. ती सीटवर बसली, पाय आत घेतले, आणि मग कुणी सांगितले नसताना पुन्हा पाय बाहेर ठेवून उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उभी राहिली. कोणाचाही हात न धरता. मामा दुसरीकडे बघत होता.

मामाच्या गाडी चालवण्याबद्दल एक वाक्य पुरे: तो कुठलीही गाडी पाठीमागे दहा टन माल असल्यासारखी चालवतो. प्रत्येक वळणावर हॉर्न, प्रत्येक उतारावर काचेबाहेर हात. मी आणि शोरूमच्या बाई मागे बसलो होतो. अस्नोडा आले.

“काका, हयसून परत फिरूया,” बाई म्हणाल्या.

मामी काचेतून समोर बघत होती. “हो रस्तो कोलवाळाक जाता ना?” तिने विचारले. ज्या रस्त्याने ती अर्धे आयुष्य माहेरी गेली त्याबद्दल.

“व्हय,” मामा म्हणाला.

“थंयसून पूल. मगे धारगळ.”

“व्हय.”

  स्टिअरिंग सरळ राहिले.

“काका, वळण मागे ऱ्हवलां!”

“गियर बघतंय.”

“ह्या गाडयेत गियर आपसूक बदलतत, काका.”

“म्हणानच बघतंय. आपसूक बदलतत ते खंय बदलतत.”

थिवीपर्यंत बाईंनी दोनदा शोरूमला फोन केला. पहिल्या वेळी त्या साहेबांना म्हणाल्या की गिऱ्हाईक चढावर गाडी बघत आहे. दुसऱ्या वेळी म्हणाल्या की गिऱ्हाईक उतारावर बघत आहे. कोलवाळच्या पुलावर त्या पुढे झुकल्या आणि मामीला हळूच विचारू लागल्या. “मामी, खंय जातोंव आमी?”

“हळर्णाक.”

“कोण आसा थंय?”

“माहेर.”

“कितक्या वर्सांनी?”

“चार जालीं.”

बाई मागे टेकून बसल्या.  तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तो त्यांनी कानाला लावला, “सर, रेंज नाही इथे,” असे स्पष्ट शब्दांत सांगितले आणि बंद करून पर्समध्ये ठेवला. मग मला म्हणाल्या, “मी गणेशचवथीक तेवढी जातंय माहेराक. दोन दिसांनी परत.” धारगळला उजवीकडे वळल्यावर मामीने खिडकीची काच पूर्ण खाली केली. ती एकेक गोष्ट मोठ्याने वाचल्यासारखी सांगू लागली: ही शाळा, ही माडा-पोफळीची कुळागरे, हा कुणाचा तरी नवा बंगला, पूर्वी इथे भातखाचर होते, इथे बस थांबायची. कोणाला उद्देशून नव्हे. मामाने हॉर्न वाजवायचे थांबवले होते.

आक्का सोप्यावर बसून तांदूळ निवडत होती. गाडी आंगणात शिरली, थांबली, दार उघडले, मामीने पाय खाली ठेवले आणि ती उभी राहिली. आक्काच्या हातातले सूप खाली आले. पुढच्या काही मिनिटांचे मी वर्णन करत नाही. दोन म्हाताऱ्या बहिणी होत्या. मग आक्काने गाडीकडे पाहिले आणि मामाकडे पाहिले.

“भावोजी,” ती म्हणाली, “गाडी घेतलास!”

मामाने तोंड उघडले. मी घड्याळाकडे पाहणारा माणूस आहे. त्या तोंडातून तीन-चार सेकंद काही बाहेर आले नाही. तेवढ्यात आक्का घरात गेलीसुद्धा. मामा झटकन मागे सरला आणि पाठ टेकून दारापाशी असा उभा राहिला की इंग्रजी अक्षरांतला पहिला शब्द झाकला गेला. दुसऱ्या शब्दापुढे उभे राहण्याची त्याने मला डोळ्यांनी खूण केली. मी उभा राहिलो. पलीकडच्या बाजूलाही तीच अक्षरे होती, तिथे शोरूमच्या बाई न सांगता जाऊन उभ्या राहिल्या. आक्का बाहेर आली ती नारळ, चार लिंबे, कुंकवाची पिंजर आणि जास्वंदीची फुले घेऊन. चार चाकांखाली चार लिंबे ठेवली. बॉनेटवर पिंजरीचे बोट ओढले. मामी काहीतरी सांगू पाहत होती. तिने मामाकडे पाहिले आणि बहिणीच्या हातातला नारळ धरला.

आमच्याकडे नवे काही घरात आले की देवापुढे गाऱ्हाणे, म्हणजे मोठ्याने मागणे, घालतात. ते घालतो घरातला वडीलधारा पुरुष. या घरात तसा कोणी उरलेला नाही, म्हणून गेली काही वर्षे आक्काच घालते, आणि शाळेत हजेरी घेताना लावायची त्याच आवाजात. तुळशीकडे तोंड करून तिने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज जी ही गाडी तुज्या आंगणात आयली…”

“व्हय म्हाराजा,” मामी म्हणाली.

“ती वाटेर, वळणार, पुलार, पावसात सांभाळ म्हाराजा…”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज दोडामार्गच्या बाईंचा होता. गाऱ्हाण्याला साद द्यायची सवय लहानपणापासूनची. त्या स्वतःच दचकल्या.

“हेंच्यात बसलेल्या माणसांक परत परत ह्या दारात घेवन ये म्हाराजा.”

मामाचे ओठ हलले, आवाज आला नाही. नारळ फुटला. आम्ही चाळीस मिनिटे होतो. पाववाल्या पोदेराकडचे उंडे आणि वाटाण्याची भाजी खाल्ली. मामीने पिशवीतून कापडात गुंडाळलेला डबा काढून बहिणीला दिला. त्यात नेवऱ्या म्हणजे करंज्या होत्या, आदल्या दिवशीच केलेल्या असाव्यात. निघताना मामाने गाडी तुळशीभोवती वळवली. एका दमात वळली. आरशात न पाहता.

टेस्ट ड्राइव्हची गाडी तीन तास दहा मिनिटांनी शोरूमला परत गेली, टायरांना लिंबाचा चोथा, जाळीत नारळाच्या शेंड्या आणि बॉनेटवर तांबडे. शोरूमने ती दोनदा धुतली. कंपनीच्या चिन्हाच्या खाचेत पिंजर राहिली ती राहिलीच. त्याच संध्याकाळी साहेबांनी मामाला फोन केला. बाईंना काही होऊ नये म्हणून मामाने आधीच सगळा दोष स्वतःवर घेतला आणि मग म्हणाला की गाडी मी घेतो. साहेबांचा राग गेला. कोणता रंग, त्यांनी विचारले. मामा म्हणाला, “तीच.”

टेस्ट ड्राइव्हची गाडी विकत नाहीत, किमान वर्षभर तरी नाही, हे त्याला साहेबांनी तीन प्रकारे समजावले. त्याच रंगाची, त्याच नमुन्याची कोरी गाडी पंधरा दिवसांत दारात उभी करतो म्हणाले. मामाने ऐकून घेतले. “साहेब, जुळ्यो भयणी आसत म्हणान एकीचां ठरलेलां लगीन दुसरेकडे लावतास?” तो म्हणाला. “गाऱ्हाणां हिच्यार घातलां. मी वाट बघतंय.” चार वर्षे गाड्या नाकारणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच एक मागितली होती, आणि ती विक्रीला नव्हती.

इकडे रोज अकराच्या फोनमध्ये नवा विषय आला. मी एकदा मयेला असताना ऐकला. “गाडी बरी?” आक्काचा आवाज फोनबाहेरही येतो. “बरी आसा,” मामी म्हणाली. “पडवेच्या बाजूक लावल्या?” “व्हय. वयर कापड घातलां.” मामीने फोन ठेवला. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, “तुका नेवऱ्यो व्हयेत?”

महिन्याभराने हळर्णच्या जुन्या किल्ल्याच्या पडझडीवर बातमी करायला मी तिकडे गेलो आणि आक्काकडे डोकावलो. चहा देताना ती म्हणाली, “काय रे पेपरवाल्या, गाडी दिली परत शोरूमाक?”

मी कप खाली ठेवला.

“चाळीस वर्सां पोरांक अक्षरां शिकयलंय,” ती म्हणाली. “वीतभर अक्षरां माका वाचूंक येवचीं नायत? तुमी दोघांय दाराक पाठ लावन उभी, पलीकडे ती बाई हात पसरून उभी. मगे घरात जावन देवाकडे बघून हसलंय.”

“मग गाऱ्हाणे का घातले?”

“माझ्या भयणीक घेवन आयली ती गाडी. कोणाची ती कशाक बघू?” तिने माझ्यापुढे उंड्याची बशी सरकवली. “तेंका सांग, गाऱ्हाणां घालूंक माका नवी गाडी लागना नाय. खंयचीय घेवन येवा, परत घालतंय. नारळ घरचे आसत.”

हे मामाला सांगावे की नाही, यावर मी परतीच्या रस्त्यात विचार केला. सांगितले तर तो मोकळा होणार होता. दुसरी कुठलीही गाडी घेऊन मामीला पुढच्याच आठवड्यात नेऊ शकत होता. त्याच संध्याकाळी पडवीत बसून मी शब्दशः सांगितले. मामी आत होती, पण आतले भांड्यांचे आवाज थांबले होते. मामाने सगळे ऐकले. “तिका म्हायत आसलां,” तो म्हणाला.  “आनी तरी नारळ फोडलो.”

“म्हणजे आता कुठलीही चालेल,” मी म्हटले.

“तिका चालतली रे. ती मोठी आसा.” त्याने मान हलवली. “पण तिणे ‘गाडी घेतलास’ म्हटल्यार मी गप्प ऱ्हवलंय. माझी म्हणान ती गाडी थंय उभी केलंय. आता ती माझी जावंक व्हयी.”

“मामा, ते खोटे होते, आणि ते आक्काला माहीत होते. संपले.”

“खोटां नाय तां,” तो म्हणाला. “खरां जावंक वेळ लागता, इतक्याच.”

आत पुन्हा भांडी वाजू लागली. थोड्या वेळाने मामी बाहेर आली, सोप्यावर त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “दिसाक दिस जोडून वर्स जाता. आक्का काय खंय जायना.” आक्का ऐंशीच्या पुढे आहे. हे आम्हा तिघांनाही माहीत होते.

आता दर शनिवारी दुपारी मामा म्हापशाला जातो. बाकीच्या शोरूमात जाणे त्याने सोडले आहे. टेप आणि सुतळीही घरीच असतात. पांढरी गाडी कधी बाहेर गेलेली असते, तेव्हा तो थांबतो. ती परत येते. आठवडाभर तिच्यात नाना माणसे बसून गेलेली असतात, उंच, जाड, तरुण, घाईतली, आणि डावीकडची पुढची सीट कधी पार मागे ढकललेली असते, कधी आडवी केलेली. शोरूमच्या बाई काही न विचारता किल्ली देतात. मामा दार उघडतो, वाकून खालचा दांडा ओढतो, सीट पुढून चौथ्या खाचेत आणतो, पाठ सरळ करतो आणि तळहाताने दाबून पाहतो. मामी त्या दिवशी तशी बसली होती. सोमवारी कोणीतरी ती पुन्हा हलवणार, हे त्याला ठाऊक आहे, बाईंनाही ठाऊक आहे. गेल्या शनिवारी मी बरोबर होतो. सीट लावून झाल्यावर मामाने दार लोटले, अर्ध्यावर थांबला, उंबऱ्याशी साडीचा पदर अडकत तर नाही ना हे पाहावे तसे खाली पाहिले, आणि मग दार हलकेच लावले.